वेढ्यातले खरेदीखत

एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली की अनेक मंडळ्यांत वचनांच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. ताटातली एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर जे वचन निघेल ते आपले वर्षभराचे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन त्यात हमखास असते. देवाचे मनसुबे आपल्या भल्याचे आहेत, असा त्याचा आशय. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशात तेच वचन भेटते आणि वाचणारा मनातल्या मनात हिशेब मांडतो: यंदा मुलाची नोकरी पक्की होईल, रखडलेला व्हिसा येईल, घराचे काम मार्गी लागेल. या वाचनात लबाडी नाही, गरज आहे. पण चिठ्ठीत जे मावत नाही तेही पाहायला हवे. हे वाक्य एका पत्रातले आहे. इसवीसनापूर्वी 597 मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेहून जी माणसे धरून नेली त्यांना ते पत्र लिहिलेले आहे, आणि या गोड वाक्याच्या अगदी आधीच्या वाक्यात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकले त्यांतल्या बहुतेक कर्त्या माणसांची माती परमुलखातच व्हायची होती. तोवर काय करायचे, तेही पत्रात आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला ओढून आणले त्याच शहराच्या कल्याणासाठी झटा. परतीच्या गाडीची वाट पाहत बोचकी बांधून बसू नका, हा त्या पत्राचा रोख.

आशा आणि हेतू यांविषयीच्या या पुस्तकाची सुरुवात त्या पत्रापासून करण्याचे कारण असे की ख्रिस्ती आशेबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले बरेचसे भाकीत असते. काळ कठीण आहे यावर दुमत नाही. महामारीने घरेच्या घरे उघडी पाडली त्याला फार वर्षे लोटलेली नाहीत, पावसाचा नेम उरलेला नाही, शिकलेल्या मुलांना काम नाही, आणि संख्येने लहान असलेल्या समाजाला स्वतःच्या भवितव्याची वेगळी धास्ती असते ती निराळीच. अशा वेळी व्यासपीठावरून कोणी छातीठोक सांगितले की पुढचे वर्ष भरभराटीचे, तर ऐकायला बरे वाटते. परंतु भाकीत फसले की त्यावर बेतलेला विश्वासही फसतो. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ख्रिस्ती आशा काळाच्या अंदाजावर उभी नाही. ती दुसऱ्याच्या शब्दावर, स्वतःच्या खिशातून, आज केलेला व्यवहार आहे. आणि म्हणूनच परिस्थिती सुधारण्याची खात्री नसतानाही माणसाच्या आयुष्याला ती काम देऊ शकते. आशा आधी आणि हेतू नंतर, अशा या दोन वेगळ्या वस्तू नाहीत.

व्यवहार हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात जमिनीच्या खरेदीची नोंद आहे, आणि ती एखाद्या दुय्यम निबंधक कचेरीतल्या कारकुनाला शोभेल इतकी काटेकोर आहे. सिद्कीया राजाचे दहावे वर्ष. बाबेलच्या खास्दी सैन्याचा यरुशलेमेला वेढा पडलेला. शहर पडणार असे उघड सांगितल्याबद्दल यिर्मया स्वतः राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. भटारांच्या आळीतून त्याला रोज एक भाकर मिळे, तीही शहरात पीठ असेतो. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा. अनाथोथ यरुशलेमेच्या ईशान्येला, चार-पाच किलोमीटरवर; म्हणजे तो सारा मुलूख एव्हाना शत्रूच्या टाचेखाली. शिवाय याच गावच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता. अशा गावातले, अशा वेळी, असे शेत. हनामेल हुशार होता की नडलेला होता, हे ग्रंथ सांगत नाही. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे मोजले, आजच्या मापाने जेमतेम दोनशे ग्रॅम. नाणी प्रचारात नव्हती, म्हणून ते तराजूत घालून तोलले. खत लिहिले, सही केली, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवली, आणि चौकात बसलेल्या सगळ्यांदेखत दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितले की मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. वेढ्यातल्या शहरात त्या रुप्याचे धान्य आले असते. आणि सगळे झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो ती प्रार्थना कृतार्थतेची नाही. शहर तर शत्रूच्या हाती चालले आहे, आणि तू मला शेत घ्यायला लावतोस? असा तिचा सूर. सही आधी झाली, गोंधळ नंतर बोलून दाखवला गेला. आशा बाळगणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम नीट पाहावा.

या व्यवहारातून यिर्मयाला काहीही मिळाले नाही. शहर पडले, मंदिर जळाले, आणि अखेरीस उरल्यासुरल्या लोकांनी त्याला स्वतःबरोबर मिसर देशात ओढून नेले. त्या शेतात त्याने कधी पाऊल टाकल्याची नोंद नाही. मात्र एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची गावनिहाय यादी आहे आणि तिच्यात एक ओळ अनाथोथची आहे: माणसे 128. नहेम्याच्या यादीतही तोच आकडा. यिर्मयाचे शेत त्यांपैकी कोणी कसले काय, हे सांगायला आधार नाही, आणि या आकड्याचा विजयध्वज करण्याचीही गरज नाही. एका गावात 128 माणसे परतली, एवढेच. पण खरेदीखत मडक्यात घालण्यामागे जी दृष्टी होती तिचा पल्ला यावरून कळतो. करणाऱ्याच्या हयातीत वसूल होईल एवढ्याच कामाला हेतू म्हणायचे, ही अट आशेने तिथे मोडली.

याच्या नेमके उलटे उदाहरण त्याच ग्रंथात आहे आणि ते आजच्या व्यासपीठांना जास्त जवळचे आहे. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर जाहीर केले की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, लुटलेली पात्रे परत येतील, कैदी घरी येतील. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू त्याने काढून मोडूनही दाखवले. नाट्य म्हणून प्रसंग जबरदस्त आहे. टाळ्या कोणाला पडल्या असतील हे सांगायला नको. यिर्मयाचे पहिले उत्तर आमेन असे आहे: देव करो आणि तसेच होवो. त्याला वाईट बातमीची आवड नव्हती. पण लाकडी जू मोडून लोखंडी जू घडवले आहेस, असे त्याने पुढे सुनावले. हनन्याची दोन वर्षे आणि यिर्मयाची सत्तर वर्षे यांत फरक फक्त आकड्यांचा असता तर तो ज्योतिषातला मतभेद ठरला असता. पहिल्या संदेशाने ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही दिले नाही, फक्त थांबायला सांगितले. दुसऱ्याने उद्या सकाळी उठून करायची कामे सांगितली. समृद्धीची हमी देणारे जे प्रचारक आज टीव्हीवर आणि मोठ्या मांडवांत दिसतात, त्यांची परीक्षा इथेच होते. त्यांच्या आश्वासनातून श्रोत्याच्या वाट्याला वर्गणीखेरीज कोणते काम येते, ते पाहावे.

महाराष्ट्रात या आशेचा पुरावा शोधायचा तर पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावी जावे लागते. पंडिता रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण ही तिघेही 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गमावली होती. उपासमार त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवले. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने या कामाच्या खर्चाची हमी घेतली होती, पण दहा वर्षांपुरतीच. 1893 मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कोणत्याही हिशेबी माणसाने अशा वेळी हातपाय आखडते घेतले असते. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. हमीची मुदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नातून सदन चालावे, हा विचार. विहिरी खोदल्या, झाडे लावली. त्यानंतर 1896–97 चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे नव्या माणसांना शहरात ठेवायला सरकारची मनाई. तेव्हा बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. बागेची जागा वस्तीची झाली, आणि वस्तीचे नाव मुक्ती. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती, अंध मुलींसाठी शाळा हे सारे त्या माळावर चालले. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम संपवत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. यातले काय त्यांनी आधी योजले होते? फळबाग. बाकीचे सगळे, जमीन आधीच घेतलेली होती म्हणून शक्य झाले.

युरोपातले एक उदाहरण याच खरेदीखताशी सरळ जोडलेले आहे. जर्मन पाळक आणि ईश्वरशास्त्री डीट्रिख बोनहोफर याने 1942 च्या नाताळात, नाझी राजवटीच्या दहा वर्षांचा हिशेब मांडताना, यिर्मयाच्या शेताची आठवण काढली. 1943 च्या जानेवारीत त्याचे लग्न ठरले, एप्रिलमध्ये त्याला अटक झाली, आणि तुरुंगातून वाग्दत्त वधूला लिहितानाही तेच शेत पुन्हा आले: आपले लग्न म्हणजे या पृथ्वीला दिलेला होकार आहे, अशा अर्थाने. लग्न झाले नाही. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली गेली. (याच संदर्भात उद्या जग बुडणार असले तरी आज सफरचंदाचे रोप लावीन, हा विचार ल्यूथरच्या नावाने सांगण्याचा प्रघात आहे. ल्यूथरच्या लेखनात तो सापडत नाही. त्याचा लेखी मागोवा 1944 च्या जर्मनीपर्यंतच लागतो. ल्यूथरला न सुचलेला विचार बॉम्बवर्षावात सापडलेल्या मंडळींना सुचला, हे मला त्या वाक्याच्या बाजूनेच बोलणारे वाटते.)

आता आक्षेप. मार्क्सने 1844 मध्ये धर्माला अफू म्हटले ते सर्वांना पाठ आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटले होते, ते फारसे सांगितले जात नाही. आपल्याला त्याहून जवळचा आणि जास्त बोचणारा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. धर्मांतरित अस्पृश्यांविषयीच्या त्यांच्या निबंधांत, जे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत, दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या आहेत. एक, चर्चमध्ये जाऊनही जात सुटली नाही. दुसरी, दुःखाचे मूळ माणसाच्या पापात आहे अशी शिकवण मिळाल्यामुळे धर्मांतरित माणूस परिस्थितीशी झगडण्याऐवजी स्वतःला दोषी मानत राहतो. याला उत्तर देण्याआधी मान्य करावे लागेल की आरोपातले बरेचसे खरे आहे. देशात काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत होती आणि आहे. दुष्काळात झालेल्या धर्मांतरांबद्दलही, मुक्तीतल्या सुद्धा, भुकेल्या माणसाची संमती किती मोकळी असते हा प्रश्न प्रामाणिकपणे उभा राहतो, आणि भाकर देणाऱ्याच्या चांगल्या हेतूने तो मिटत नाही. पण आंबेडकरांचा आक्षेप ज्या आशेवर लागू पडतो ती यिर्मयाची आशा नव्हे. यिर्मयाने राजाला मजुरांची मजुरी बुडवून वाडे बांधल्याबद्दल तोंडावर बोल लावले. त्याच्या लेखी पाप हे आधी न्यायालयात आणि राजवाड्यात होते. थेस्सलनीकात काही मंडळी प्रभू आता येणारच म्हणून कामधंदा सोडून बसली, तेव्हा काम न करणाऱ्याने जेवूही नये, असे पौलाच्या नावाच्या पत्राने खडसावले. निष्क्रियतेचा रोग पहिल्या शतकातच लागला होता आणि त्याचे निदानही तेव्हाच झाले होते. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत पाणी आणि शेतजमीन वाचवण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेव्हा धर्मगुरूने या भानगडीत पडावे का, हा प्रश्न विचारला जाणारच. तो प्रश्न विचारणाऱ्याने अनाथोथचे शेत नुसते उपमा म्हणून वाचलेले असते. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिलेले दलित ख्रिस्ती आज न्यायालयात तारखांवर तारखा घेत उभे आहेत, तेही आशेचेच काम करत आहेत. तिथे बरोबर कोण उभे राहते, यावरून मंडळीच्या आशेची किंमत बाहेरचे लोक ठरवतील, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत भारी आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो शत्रुत्वाने केलेला नाही. आल्बेर काम्यूच्या 1947 च्या ‘प्लेग’ या कादंबरीतला डॉक्टर देवाविना, स्वर्गाविना, यशाच्या खात्रीविना रोग्यांची सेवा करत राहतो. त्याच सुमारास पॅरिसमध्ये डोमिनिकन संन्याशांसमोर बोलताना काम्यूने सांगितले की तुमच्याइतकाच मलाही दुष्टाईचा तिटकारा आहे, पण तुमची आशा माझ्याकडे नाही, आणि लेकरे जिथे दुःख सोसून मरतात त्या विश्वाशी मी झगडत राहणार. मग काम जर आशेशिवाय होते, तर देवाच्या शब्दाची मध्यस्थी कशाला? महामारीत दवाखान्यांत आणि स्मशानांत राबलेल्या असंख्य माणसांकडे पाहता ख्रिस्ती माणसाने पहिल्यांदा मान खाली घालून कबूल करावे की सेवेचा मक्ता आपल्याकडे नाही. कर्तव्य म्हणून, करुणेने, कधी नुसत्या हट्टाने माणसे राबतात आणि त्यांचे काम आपल्याहून काकणभर सरस असते. फरक कामात शोधू नये. तो काम जिथे पोहोचत नाही तिथे आहे. मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींपैकी काही वाचल्या नाहीत; ज्यांच्यापर्यंत रमाबाई पोहोचल्याच नाहीत त्या वाटेवर पडल्या. त्यांच्यासाठी उद्या कितीही चांगला समाज घडला तरी त्याचा त्यांना उपयोग नाही. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत असताना सतरा वर्षांच्या युर्गेन मोल्टमनच्या शेजारी उभा असलेला मित्र जागीच ठार झाला. धर्माशी फारसा संबंध नसलेल्या घरातल्या या मुलाने 1964 मध्ये ‘आशेचे ईश्वरशास्त्र’ लिहिले, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न जिवंतांच्या भवितव्याइतकाच मेलेल्यांचाही होता. पुनरुत्थान हा ख्रिस्ती आशेचा गाभा आहे तो या कारणाने: वधस्तंभावर चढवून ज्याचा निकाल लावला गेला त्याचा निकाल देवाने फिरवला, म्हणून बाकीच्यांची प्रकरणेही बंद झालेली नाहीत. हे सिद्ध करून दाखवता येणार नाही. काम्यूने ते नाकारले त्यात अप्रामाणिकपणा नव्हता. पण ते मानणाऱ्याला मेलेल्यांना विसरून भविष्याचे गोडवे गाता येत नाहीत, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारखी काळोखातच संपणारी प्रार्थना आपल्या ग्रंथातून वगळावीशीही वाटत नाही. शोक करण्याची मुभा ज्या आशेत नाही ती आजारी माणसाच्या उशाशी फार वेळ टिकत नाही, हे पाळकीय काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

पुढच्या पानांत ही चर्चा कुटुंब, रोजगार, आजारपण, म्हातारपण आणि सार्वजनिक जीवन अशा निरनिराळ्या अंगांनी आली आहे. ती वाचताना एक शिवण लक्षात ठेवावी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय म्हणजे पुनरुत्थानाविषयीचे पौलाचे सर्वांत मोठे विवेचन. मृत्यूच्या पराभवापर्यंत चढत गेलेले ते प्रकरण, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत, अशा अर्थाच्या वाक्यावर थांबते आणि वाचणारा पुस्तक मिटतो, कारण तिथे अध्याय संपतो. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली. पौलाने सलग लिहिले होते. त्याचे लगेच पुढचे वाक्य यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीबद्दल आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, मी आल्यावर धावपळ नको, आणि तुम्ही पसंत कराल त्या माणसांबरोबर पत्रे देऊन ती रक्कम पाठवू. दुसऱ्या पत्रात तो आणखी सावध होतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये, म्हणून नेणाऱ्यांत मंडळ्यांनीच निवडलेला एक जण सोबत दिला आहे.